मैत्रिणींमधली सिगारेट: मुली का ओढायला लागतात आणि सुटायला काय लागतं

सिगारेटने फुप्फुसाचं काय होतं, हे सोळा वर्षांच्या मुलीला नव्याने सांगावं लागत नाही. 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर ते चित्रासकट छापलेलं असतं आणि शाळेत त्यावर निबंधही लिहून झालेला असतो. तरीही ती ओढायला लागते. का, हे कळायला तिच्या फुप्फुसांपेक्षा तिच्या मैत्रिणींकडे आधी बघायला हवं. कोणाबरोबर, कुठे, कोणत्या वेळी आणि कोणाच्या पैशाने, या चार प्रश्नांच्या उत्तरांत तिच्या सवयीचा बहुतेक भाग सापडतो.

आधी थोडे आकडे, कारण या विषयावर घरोघरी अंदाजच फार चालतात. केंद्र सरकारच्या 2019 च्या शालेय पाहणीत 13 ते 15 वयाच्या मुलांपैकी 9.6 टक्के आणि मुलींपैकी 7.4 टक्के जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. यात ओढायची आणि खायची-लावायची, दोन्ही तंबाखू धरली आहे. मोठ्यांच्या 2016-17 च्या पाहणीत मात्र पुरुष 42.4 टक्के आणि स्त्रिया 14.2 टक्के असं चित्र होतं. मोठेपणी दिसणारी एवढी दरी शाळेच्या वयात जवळजवळ नाहीच. ‘मुलींमध्ये हे नसतं’ असं समजून बसलेल्या घरांना ही पहिली सूचना आहे.

दुसरी गोष्ट त्याच मोठ्यांच्या आकड्यांत आहे. सिगारेट-बिडी ओढणाऱ्या स्त्रिया 2 टक्के होत्या आणि धूर न होणारी तंबाखू घेणाऱ्या 12.8 टक्के. मराठी घरांना यात काही नवं वाटायला नको. मिश्री लावणारी आजी किंवा पणजी अनेकांनी पाहिली आहे. ती डबी घरात उघड्यावर असायची आणि तिच्यावरून कोणी आजीच्या वळणाबद्दल बोललं नाही. नातीच्या हातात सिगारेट दिसली की मात्र पहिला प्रश्न तब्येतीचा येत नाही, चारित्र्याचा येतो. तंबाखू तीच आणि निकोटिनही तेच आहे. हा फरक का महत्त्वाचा, ते पुढे येईल.

पहिली सिगारेट विकत घेतलेली नसते

इंदुरात भंवरकुआं, गीता भवन, विजयनगर या भागांत कोचिंग आणि हॉस्टेलांची दाटी आहे. खंडवा, बुऱ्हाणपूर, खरगोन, देवास अशा ठिकाणांहून मुली इथे येतात. काही पीजीत राहतात, काही रामबाग, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगरात आत्याकडे, मावशीकडे. शहरातल्याच मराठी घरांतल्या मुलीही त्याच क्लासला जातात. दिवस सगळ्यांचा सारखाच असतो: सकाळी क्लास, दुपारी टेस्ट सिरीज, संध्याकाळी लायब्ररी. मधल्या पंधरा मिनिटांच्या सुट्टीत चहाच्या ठेल्यापाशी घोळका जमतो. शेजारी पानाची गुमटी असते.

पहिली सिगारेट मुलगी मागत नाही आणि विकतही घेत नाही. कोणीतरी तिच्याकडे नुसती धरायला देतं, ‘पकड जरा, मी केस बांधते’ एवढंच. काही दिवसांनी एक झुरका होतो. मग चौघींत एक सिगारेट फिरते आणि प्रत्येकीच्या वाट्याला दोन-तीन झुरके येतात. इथपर्यंत कोणालाच आपण सिगारेट ओढतो असं वाटत नाही, कारण हिशेबाला पाव सिगारेटच येते. त्यानंतर वर्गणी सुरू होते. गुमटीवर जायचं काम ठरलेल्या एकीकडे असतं, जी वयाने मोठी दिसते किंवा जिला लाज कमी वाटते. ती रजेवर गेली किंवा गट फुटला की दुसरीला स्वतः जावं लागतं. घेऊन देणारं कोणी नसताना ती स्वतः विकत घेते, तो टप्पा ओळखून ठेवा. तिथे गटाची सवय तिची एकटीची झालेली असते.

सुटी सिगारेट या सगळ्याला मदत करते. पाकीट हातात येत नाही, म्हणून त्यावरचं चित्र आणि मदतीचा नंबरही डोळ्यांसमोर येत नाही. पाकीट लपवायची गरज उरत नाही आणि खर्च दहा-वीसच्या नोटांत विरून जातो. बारीक सिगारेट आणि मेंथॉलच्या किंवा दाबून फोडायच्या गोळीच्या सिगारेटी घशाला कमी लागतात, त्यामुळे नवख्या मुलीला पहिल्या झुरक्याला ठसका लागत नाही. शरीराने दिलेला पहिला इशाराच त्यात दाबला जातो. त्या कमी घातक असतात, हा समज खोटा आहे.

गटात सिगारेट कोणती कामं करते

हा भाग नीट वाचावा, कारण सवय सोडवताना याच कामांना पर्याय द्यावा लागतो.

सिगारेट उठायचं निमित्त देते. अभ्यासात मध्येच उठून दहा मिनिटं गच्चीवर नुसतं बसायला मुलीला कारण लागतं. ‘काय करतेस वर?’ हा प्रश्न मुलापेक्षा तिला जास्त वेळा विचारला जातो. सिगारेट ओढणारी मैत्रीण ‘चल’ म्हणते आणि दोघी उठतात.

दुसरं काम जवळिकीचं. चार जणी मिळून घरच्यांपासून एक गोष्ट लपवतात तेव्हा त्यांच्यात विश्वास लवकर बसतो. गच्चीवर ब्रेकअप, घरची भांडणं, मार्क, सगळं बोललं जातं. नवीन शहरात एकटी आलेल्या मुलीला हे फार मोलाचं वाटतं आणि तिचं त्यात चुकतही नाही. तिला मिळालेली मैत्री खरी असते. अडचण अशी की त्या मैत्रीत बसायची जागा सिगारेटजवळच असते.

तिसरं काम वजनाचं. निकोटिनने भूक मरते, हे मुलींना कोणी न शिकवता कळलेलं असतं. जाहिरातदारांना ते शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. अमेरिकेत 1928 च्या सुमारास लकी स्ट्राइकची जाहिरात बायकांना गोडाऐवजी सिगारेट घ्या असं सांगत होती. 1929 च्या ईस्टरला एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धी-तज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तरुणींना सिगारेट पेटवून चालायला लावलं आणि त्याला ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ असं नाव दिलं. त्यामागे पैसा सिगारेट कंपनीचा होता. बारीकपणा आणि बंडखोरी ही जोडी तेव्हापासून मुलींना विकली जाते आहे. एखादी मुलगी म्हणते, ‘दादा ओढतो, मग मी का नाही?’ तेव्हा तिच्या प्रश्नातला अन्याय खराच असतो. त्याचा फायदा मात्र तिच्या स्वातंत्र्याला मिळत नाही, विकणाऱ्याला मिळतो.

चौथं काम ताणाचं, आणि इथेच सगळ्यात मोठी फसगत आहे. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं आणि बरं वाटतं. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. ते उतरलं की बेचैनी, चिडचिड सुरू होते, पुस्तकात मन लागत नाही. मुलीला वाटतं हा अभ्यासाचा ताण आहे. पुढची सिगारेट ही बेचैनी शमवते आणि तिची खात्री पटते की सिगारेटनेच ताण जातो. खरं तर तिने आधीच्या सिगारेटने आलेली तलफ मिटवलेली असते. टेस्टचे मार्क जिथे होते तिथेच राहतात.

किशोरवयात हे चक्र लवकर बसतं. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि रोज न ओढणाऱ्या मुलांमध्येही काही आठवड्यांत तलफेची लक्षणं दिसू शकतात. ‘मी फक्त शनिवारी’ या वाक्यावर म्हणून विसंबू नये. शिवाय इस्ट्रोजेनमुळे स्त्रियांच्या शरीरात निकोटिन पुरुषांपेक्षा लवकर विघटित होतं. पाळीच्या तक्रारींसाठी हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर आणखी लवकर. गोळ्या आणि सिगारेट एकत्र असतील तर रक्ताच्या गाठींचा धोकाही वाढतो. त्यामुळे गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सिगारेटबद्दल सांगणं आवश्यक आहे. नेमकी तीच गोष्ट मुली सांगत नाहीत, कारण शेजारी आई बसलेली असते.

लपवाछपवीची किंमत

मुलाची सिगारेट घरात कळली तर ओरडा बसतो. मुलीची कळली तर क्लास बंद, मोबाईल काढून घेणं, ‘पुढच्या वर्षी स्थळं बघू’ इथपर्यंत गोष्ट जाते. ही भीती तिला सिगारेटपासून दूर ठेवते असं मोठ्यांना वाटतं. जिने अजून सुरुवात केलेली नाही तिला कदाचित ठेवतही असेल. जिने केली आहे तिच्यावर मात्र उलटा परिणाम होतो. ती बडीशेप, पुदिन्याच्या गोळ्या, डिओ आणि ओढणी बदलण्यात तरबेज होते. सोडायची इच्छा झाली तरी मदत मागायला जागा नसते. ज्यांना हे गुपित माहीत आहे त्या तिघीच तिच्या जगात उरतात आणि त्या तिघी ओढतात.

यातून आणखी एक अडचण निघते, जिचा आरोग्याशी काही संबंध नसतो. कोणीतरी फोटो काढलेला असतो. मैत्री किंवा प्रेम तुटल्यावर ‘तुझ्या बाबांना पाठवतो’ अशी धमकी येते आणि मुलगी पैसे देते, भेटायला जाते, गप्प बसते. सिगारेट ओढतानाचा फोटो हा तिचा गुन्हा नाही. त्यावरून धमकावणं हा धमकावणाऱ्याचा गुन्हा आहे. चॅट खोडू नये, स्क्रीनशॉट ठेवावेत, पैसे देऊ नयेत. 1930 हा सायबर गुन्ह्यांचा, 181 महिलांचा आणि 1098 अठराच्या आतल्या मुलामुलींचा मदत क्रमांक आहे. घरात आधीच ‘काहीही झालं तरी आम्हाला सांग’ असं म्हटलेलं असेल आणि ते पाळलेलंही असेल, तर या धमकीत दमच राहत नाही.

नाही म्हणायचं कसं

‘ठाम नकार दे’ हा सल्ला गटात चालत नाही. मुलीला सिगारेट नाकारायची असते, मैत्रीण नाही. त्यामुळे नकार छोटा ठेवावा आणि तिथून निघून जाऊ नये. ‘नको गं, मला त्याने डोकं चढतं’, एवढं बोलून विषय बदलायचा. भाषण दिलं की वाद होतो आणि फार लंबं कारण दिलं की त्याला तोड निघते. ‘आज नको’ म्हटलं तर उद्या पुन्हा विचारलं जातं, म्हणून ‘आज’ हा शब्द वापरू नये. हातात चहाचा कट असला तर धरायला दिलेली सिगारेट आपोआप नाकारली जाते. बहुतेक गट दोन-तीन वेळा विचारून थांबतात. चौथ्या वेळीही विचारणारी मैत्रीण असेल तर त्या आग्रहामागे काय आहे ते बघावं. कधी कधी तिला स्वतःला एकटीने ओढायची लाज वाटत असते.

आणखी एक गोष्ट मुलींना आकड्यांनिशी सांगण्यासारखी आहे. ओढणाऱ्या दिसतात, न ओढणाऱ्या दिसत नाहीत. त्यामुळे ‘सगळ्याच ओढतात’ असं प्रामाणिकपणे वाटतं. वरच्या शालेय पाहणीप्रमाणे 13 ते 15 वयाच्या शंभर मुलींपैकी ब्याण्णवहून जास्त जणी कोणत्याही रूपात तंबाखू घेत नव्हत्या.

घरात कळल्यावर

पहिले दोन दिवस काही ठरवू नका. रागात घेतलेला निर्णय मागे घेता येत नाही आणि मुलगी त्या रागावरून ठरवते की पुढे काय सांगायचं आणि काय नाही. बॅग तपासून पुरावा समोर टाकू नका. बोलायला दोघंच असा, शक्यतो समोरासमोर न बसता. स्वयंपाकघरात भाजी निवडताना किंवा गाडीवरून येताना मुली जास्त बोलतात. बाबा, आजी, काका अशी पंचायत भरवू नका.

सुरुवात अशी करता येते: ‘तू सिगारेट ओढतेस हे मला कळलंय. मी रागावलेय, पण ओरडणार नाही. कधी ओढावीशी वाटते ते सांग.’ ‘का’ विचारलं की ती बचाव करते, ‘कधी’ विचारलं की वेळ आणि जागा सांगते. ते ऐकून घ्या. ‘टेस्टचे मार्क लागल्यावर’ असं उत्तर आलं तर खरा विषय टेस्ट आहे. ‘रूमवर सगळ्या असतात तेव्हा’ असं आलं तर विषय एकटेपणाचा आहे. ‘जेवण टाळायला’ असं आलं तर वजनाबद्दल घरातलेच काय बोलतात ते आठवून बघा. ‘जाड झालीस गं’ हे वाक्य बहुधा घरातूनच गेलेलं असतं.

मैत्रिणींवर बंदी घालणं हा सगळ्यात लवकर सुचणारा आणि सगळ्यात वाईट उपाय. परक्या शहरात तिच्याकडे असलेली सगळी माणसं एका दिवसात काढून घेतल्यावर ती त्यांच्याकडेच चोरून जाईल. त्याऐवजी त्या मुलींना घरी पोह्यांना बोलवा. घरात सिगारेट ओढणारे बाबा किंवा काका असतील तर त्यांनी त्याच आठवड्यात स्वतःची सोडायला घ्यावी. निदान घरात ओढणं बंद करावं. हे न करता मुलीला केलेला उपदेश वाया जातो.

सोडताना

आता मुलींसाठी. परीक्षेचा आठवडा सोडून तारीख ठरव. पाळीच्या आधीच्या दिवसांत चिडचिड असतेच, म्हणून पाळी संपल्यावर सुरुवात करणं सोयीचं जातं. आदल्या दिवशी लायटर, उरलेली सिगारेट, सगळं टाकून दे. ‘इमर्जन्सी’ म्हणून एक ठेवू नकोस. ओढणी, जॅकेट, उशीचा अभ्रा धुऊन टाक, कारण त्या वासानेही तलफ येते.

दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात जड जातो. भूक वाढते, झोप तुटते, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. घड्याळात पाच मिनिटं लाव, पाणी पी, दहा सावकाश श्वास घे, जागा बदल. गच्चीवर असशील तर खाली ये. भुकेसाठी भाजलेले चणे, काकडी, शेंगदाणे जवळ ठेव. वजन दोन-तीन किलोंनी वाढू शकतं. त्याची कल्पना आधीच असली तर तेवढ्यावरून परत सुरू करावंसं वाटत नाही.

गटातल्या एकीलाच सांग, सगळ्यांना नको. जी कमी ओढते किंवा जिची सोडायची इच्छा आहे तिला निवड. गच्चीवरची दहा मिनिटं सोडायची गरज नाही, पण पहिले दोन आठवडे त्या दहा मिनिटांची जागा बदल. ठेल्यावर चहा, खालच्या रस्त्यावर दोन फेऱ्या, काहीही चालेल. बहुतेक मुली इथेच घसरतात: सिगारेट सोडतात, गच्चीवर जाणंही सोडतात आणि आठवड्याभरात एकट्या पडून दोन्हीकडे परततात.

1800-11-2356 ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवा मोफत आहे आणि हाच नंबर 2018 पासून सिगारेटच्या पाकिटावर छापला जातो. समुपदेशक तारीख ठरवायला मदत करतात. मनावर ताण जास्त असेल, रडू येत असेल, झोप गेली असेल तर 14416 वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी आहे. निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्या अठराच्या आत स्वतःहून घेऊ नकोस, डॉक्टरांना विचार. त्यांनी च्युइंगम दिलं तरी ते साध्या च्युइंगमसारखं चघळत राहिलीस तर निकोटिन पोटात जाऊन मळमळ होते. थोडं चावून गालात धरून ठेवायचं असतं.

सिगारेटऐवजी हुक्का किंवा व्हेप हा मार्ग नाही. तासभराच्या हुक्क्यात शंभराहून जास्त सिगारेटींइतका धूर आत जाऊ शकतो, आणि गटात बसून ओढताना तास कसा गेला ते कळत नाही. ई-सिगारेटच्या विक्रीवर देशभर 2019 पासून बंदी आहे. त्यामुळे जी चोरून मिळते तिच्यात निकोटिन किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

कायद्याचं थोडं मोठ्यांसाठी. 2003 च्या कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्यांना तंबाखू विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तिची विक्री करता येत नाही. त्या कायद्यातला दंड 200 रुपयांपर्यंतचाच आहे, म्हणून कोणी फारसं मनावर घेत नाही. 2015 च्या बालन्याय कायद्याचं कलम 77 मात्र कडक आहे: मुलाला किंवा मुलीला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षा देणाऱ्याला आहे, मुलीला नाही. शाळेच्या किंवा क्लासच्या पालकसभेत हे कलम वाचून दाखवून शेजारच्या गुमटीवाल्याला सांगायला दोन पालक गेले, तरी फरक पडतो.

सोडल्यावर परत एखादी सिगारेट ओढली जाणं हे नेहमीचं आहे, आणि त्याची वेळही ठरलेली असते. दिवाळीच्या सुट्टीत घरी पंधरा दिवस तलफ आलीच नाही म्हणून मुलगी निर्धास्त होते. परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तीच गच्ची, त्याच मैत्रिणी आणि हातात सिगारेट. घरी तलफ आली नव्हती, कारण तिथे ती जागवणारी जागा आणि माणसं नव्हती. म्हणून सुट्टीवरून परतायच्या आधीच त्या संध्याकाळचं काहीतरी ठरवून ठेवावं, जसं स्टेशनवर कोणाला तरी भेटणं, बाहेर जेवण किंवा लायब्ररी. आणि ओढलीच गेली तर मोजणी शून्यावर आणू नये. कोणती वेळ, कोण सोबत होतं, आधी काय झालं, एवढं मोबाईलमध्ये लिहून ठेवायचं आणि पुढची तलफ पुन्हा पाच मिनिटं लावून टाळायची.